खासगी कंपनीत व्हॉट्सॲप स्टेटसवरनं मेमो देता येतो का? आणि एचआर माझा फोन बघायला मागू शकतो का?

भावा, मेमो देता येतो. फोन तुझा स्वतःचा असेल तर तू नाही म्हणू शकतोस.

मी गोकुळ शिरगावला मशीन शॉपला होतो तेव्हा कँटीनच्या आमटीचा फोटो स्टेटसला टाकलेला, वर लिहिलं 'पंचगंगेला पूर आला, डाळ वाहून गेली'. दुसऱ्या दिवशी फर्स्ट शिफ्टला पंचिंग करतोय तोवर टाइम ऑफिसवाल्यानं मेमो हातात दिला, 'कंपनीची बदनामी'. मी तावातावानं राज्यघटना, बोलायच्या स्वातंत्र्याचं कलम १९ वगैरे सुरू केलं तर युनियनचे अण्णा म्हणाले, "ते कलम मुळात सरकारनं तोंड दाबलं तर वापरायचं. मालकाचं तुझ्या अपॉइंटमेंट लेटरात आणि स्टँडिंग ऑर्डरात, म्हणजे कंपनीच्या शिस्तीच्या नियमांत असतंय, वाचलायस काय?" वाचलं नव्हतं, कोण वाचतंय लगा.

आणि हे नुसतं अण्णांचं मत नाही. डिसेंबर २०२३ ला मुंबई हायकोर्टात असंच प्रकरण झालं, पगारवाढीचा तिढा चालू असताना एका कामगारानं फेसबुकवर कंपनीविरुद्ध भडकाऊ पोस्टी टाकल्या, कंपनीनं काढलं, आणि कोर्टानं कंपनीचीच बाजू धरली. आमटीवरचा विनोद आणि हे एक नाही हे मला पण कळतं, पण 'मॅनेजर चोर आहे' असलं काही लिहिलं असशील तर आधी काढून टाक.

प्रायव्हसीचं बघ. सुप्रीम कोर्टानं २०१७ ला पुट्टस्वामी निकालात तो मूलभूत हक्क धरला, पण २०२३ च्या डेटा कायद्यात नोकरीच्या कामासाठी आणि कंपनीचं नुकसान टाळायला तुझी माहिती संमतीशिवाय वापरायची मुभा मालकाला दिलीय. म्हणून कंपनीचा लॅपटॉप, मेल, सिम यावर जे करतोस ते त्यांना दिसतंय असंच धरून चाल. स्वतःच्या फोनचं मात्र 'लेखी मागा' म्हणायचं. माझ्याकडं मागितला तेव्हा मी एवढंच म्हटलं, कागद काय आलाच नाही.

तसं त्यांना फोनची गरज पण नसते, आपलाच गडी स्क्रीनशॉट पाठवतो. माझा ज्यानं पाठवला तो कागलवरनं रोज माझ्याच गाडीवर मागं बसून यायचा.

आता मेमोला मुदतीत उत्तर दे, भांडू नको, चार ओळी बास, आणि झेरॉक्सवर पोच घे सही-शिक्क्यासकट. पुढं इन्क्वायरी लागली तर पहिल्यांदा तोच कागद मागतात.