'बॅलन्स मेंबर्स' का चालत नाही?

प्रश्न : पंचायतीच्या पत्रात मी 'बॅलन्स मेंबर्स विल कम लेटर' लिहिलं होतं. सचिवांनी 'बॅलन्स' खोडून 'रिमेनिंग' केलं. आमच्या वकिलांच्या मृत्युपत्राच्या मसुद्यात मात्र 'रेझिड्यू' आहे. मराठीत सगळीकडे 'उरलेलं' चालतं, मग इंग्रजीत कुठे काय लिहायचं?
— एक वाचक, डिचोली

उत्तर : सचिवांनी केलं ते बरोबर. 'बॅलन्स' हा खतावणीतला शब्द, जमा आणि नावे यांतली तफावत. पैशापुरता तो वापरा; 'बॅलन्स अमाउंट' आपल्या कचेऱ्यांत रुळलंय, त्याला हरकत नको. माणसं, खुर्च्या, कागद यांना 'रिमेनिंग' किंवा 'द रेस्ट ऑफ'.

'रेस्ट' लिहिताना घोळ होतो तो क्रियापदाचा. 'द रेस्ट ऑफ द मनी इज', पण 'द रेस्ट ऑफ द मेंबर्स आर'. 'ऑफ'च्या पुढचं नाम बघून क्रियापद लावायचं. 'रेस्ट' एकवचनी दिसतो म्हणून सरसकट 'इज' लिहिलं जातं, आणि अर्जांत ही चूक सर्रास सापडते. 'रिमेंडर' जरा भारदस्त, नियम तोच. गणितात तो भागाकाराची बाकी : 29 भागिले 4, भागाकार 7, रिमेंडर 1. वजाबाकीच्या उत्तराला शाळेत 'डिफरन्स' शिकवतात. आपण दोन्हीकडे बाकीच म्हणतो, तिथे मुलं अडखळतात.

'रिमेन्स' नाम म्हणून कायम अनेकवचनी : मृतदेह एकच असला तरी 'द रिमेन्स वेअर'. जुन्या गोव्यात सेंट ऑगस्टीनच्या भग्न चर्चच्या आवारात सापडलेले आणि 2021 मध्ये जॉर्जियाला दिलेले तिथल्या संत राणी केतेवानचे अवशेष पूजनीय, म्हणून त्यांना 'रेलिक्स'. उरलेलं जेवण 'लेफ्टओव्हर्स'. कालच्या कडीला 'स्टेल' म्हणू नका, त्याने ती बिघडल्यासारखी वाटते.

'रेझिड्यू' म्हणजे एखादी प्रक्रिया होऊन गेल्यावर मागे राहतं ते : खारं पाणी आटल्यावरचं मीठ, भाजीवरचा कीटकनाशकाचा अंश. मृत्युपत्रात कर्जं फेडून आणि नावानिशी दिलेल्या वस्तू वगळून जे उरतं, ते. गोव्यात मात्र हे 'उरलेलं' वाटतं त्याहून लहान असतं. पती-पत्नीची मालमत्ता समाईक असेल तर जोडीदाराचा अर्धा भाग आधी वेगळा होतो. जे राहतं त्यातला अर्धा मुलांसारख्या सक्तीच्या वारसांसाठी राखीव असतो, तो मृत्युपत्राने दुसऱ्याला देता येत नाही. तेव्हा मसुद्यात 'रेझिड्यू'च्या आधी 'डिस्पोजेबल कोटा' (मृत्युपत्राने हवा त्याला देता येणारा भाग) असे शब्द आहेत का, ते वकिलांना विचारा. नसतील तर पुढे वारसांत वादाला जागा राहते.