मूल लहान असताना, घर-शेती सांभाळून कविता-कथा लिहायला वेळ कसा काढावा?

सात महिन्यांचं बाळ आहे, शेतीचं घर आहे, तर पहाटे उठून लिहू की रात्री जागून, असं तुम्ही विचारलंय. ताई, दोन्ही नको. दिवसाउजेडी लिहा, घरच्यांच्या डोळ्यांदेखत.

आमचं गाव यवतमाळ जिल्ह्यात. कोरडवाहू शेत, कापूस आणि तूर. थोरली आठ महिन्यांची होती तेव्हा मी एक कथा लिहीत होते. सगळे निजल्यावर, न्हाणीजवळच्या बल्बखाली, चोरून. शाई मागे उमटते म्हणून पानाच्या एकाच बाजूनं. चौदा पानं झाली होती. दिवाळीनंतर वेचणी लागली आणि एक दिवस वही पाहते तर सहा पानं फाडलेली. सापडली मामाजींच्या, म्हणजे सासऱ्यांच्या, सदऱ्याच्या खिशात. चार घड्या, मध्ये कापसाचे तंतू. कोऱ्या बाजूवर वेचणीचा हिशोब: बायांची नावं, पुढे किलो. १८, २३, १५, २६. मी तोंड उघडायच्या आत तेच म्हणाले, "कोरीच त होती मांगून. तुयं लिवलेलं तसंच हाय ना."

मी ती यादी दोनदा वाचली. तिच्यात माझं नाव नव्हतं. धुऱ्यावरच्या झाडाला झोळी बांधून, तिच्यात पोर टाकून मीही आठवडाभर वेचत होते, पण घरच्या बाईचा कापूस वेगळा काट्यावर चढवत नाहीत. पानाच्या या बाजूला माझी कथा, त्या बाजूला तो हिशोब, आणि माझं काम कुठंच धरलेलं नाही. त्या संध्याकाळी मी चुलीपाशी गेलेच नाही. ओसरीत बसले आणि सगळ्यांसमोर पुढचं लिहिलं. बोलणी खाल्ली, पण वहीला परत कोणी हात लावला नाही.

अजूनही नात्यातलं कोणीतरी ऐकवतं, "बहिणाबाईनं नाही का घर-शेत करून कविता केल्या?" केल्या. पण त्या माउलीला लिहिता येत नव्हतं. मुलगा सोपानदेव आणि त्याच्या मावसभावानं उतरवून घेतल्या म्हणून उरल्या. १९५१ साली त्या गेल्या आणि पुस्तक आलं १९५२ साली. त्यांचा दाखला देणाऱ्यांपैकी किती जण घरातल्या बाईची एक ओळ तरी उतरवून घेतात? हे मी मामाजींना त्या वेळी म्हणू शकले नाही, म्हणून इथं म्हणते.

आता तुमचं. कविता हात कामात असतानाही होते. जात्यावरच्या ओव्या तशाच झाल्या. निंदताना, भाकरी थापताना ओळ सुचली की फोनमध्ये बोलून ठेवा, संध्याकाळपर्यंत ती राहत नाही. कथेला मात्र सलग दोन तास बसावंच लागतं आणि ते मागून घ्यावे लागतात. दिवाळी अंकांना साहित्य पाठवायची मुदत बहुधा जुलै-ऑगस्टमध्ये संपते, नेमकी आपल्याकडे निंदण-डवरणी चालू असते तेव्हा. म्हणून कथा उन्हाळ्यातच पुरी करा. शेत रिकामं असतं, दुपारी कोणी उंबऱ्याबाहेर पडत नाही. वाळवणं सकाळीच उरका.

एक सांगायचं राहिलं. माझं जमलं कारण सासूबाईंनी पोरीला घेतलं. त्या दिवशी चूलही त्यांनीच पेटवली, एक शब्द न बोलता. तुमच्या घरी असं कोणी नसेल तर माझ्यासारखं अडून बसणं जड जाईल, आधी नवऱ्याशी बोला. आणि बाळ रात्रभर जागवत असेल तर सध्या दुपारी झोपच घ्या, कथा पुढच्या उन्हाळ्यात.

वही मात्र आजच आणा. आणि दोन्ही बाजूंनी लिहा.