घरातल्या आजारी माणसाकडे नुसतं दुर्लक्ष केलं म्हणून तुरुंगवास होऊ शकतो का?

हो, होऊ शकतो. इंग्लंडमधला 1977 चा 'स्टोन आणि डॉबिन्सन' खटला बघा. स्टोनची बहीण त्याच्याकडे भाडं देऊन राहत होती. वजन वाढेल या धास्तीने ती जेवण टाळायची. शेवटी ती अंथरुणाला खिळली आणि जखमा चिघळून गेली. स्टोन जवळजवळ आंधळा, कानाने अधू. त्याची जोडीदार डॉबिन्सनही फारशी समज नसलेली. दोघांना धड फोनही लावता येत नव्हता. बहिणीचा डॉक्टर शोधायला चालत निघाले ते भलत्याच गावात पोहोचले! तरी घरी येणाऱ्या समाजसेविकेला त्यांनी काहीच सांगितलं नाही, हे मात्र भोवलं.

कोर्टाचं म्हणणं असं की, तिला अंघोळ घालणं, खायला नेऊन देणं सुरू केलंत तेव्हाच जबाबदारी अंगावर घेतलीत. मदत मिळवायची किंवा काळजी घेत राहायची, एवढं तरी करायला हवं होतं. अपिलात स्टोनची तीन वर्षांची शिक्षा बारा महिन्यांवर आली, पण दोष कायम राहिला. मला हा निकाल कठोर वाटतो. ज्यांना स्वतःचंच निभत नव्हतं त्यांना शिक्षा झाली.

आपल्याकडेही बेकायदा 'न करणं' हे कृत्यातच धरलं जातं. जाणूनबुजून उपाशी ठेवून जीव घेतला तर खुनाचं कलमसुद्धा लागू शकतं.