मुलगा तबल्याच्या रियाजाला बसत नाही, क्लास बंद करू का?

क्लास बंद करू नका. नोव्हेंबरच्या परीक्षेचा फॉर्म मात्र भरू नका.

तुम्ही लिहिलंय की मुलगा आठ वर्षांचा आहे, आधी आवडीनं जायचा, आता ‘प्रारंभिक’ची, म्हणजे गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या पहिल्या परीक्षेची, तयारी सुरू झाल्यापासून रियाज म्हटलं की रडारड. आणि त्याचं लक्ष विचलित होऊ नये म्हणून तुम्ही त्याला आतल्या खोलीत दार लावून बसवता. अहो, आठ वर्षांच्या पोरानं बंद खोलीत एकट्यानं ‘धाधा तिट धाधा तिंना’ हे बोल किती वेळ घोटायचे? त्याला तबल्याचा कंटाळा आलेला नाही, एकटं बसण्याचा आलाय.

हे मी ठामपणे सांगते, कारण आमच्या घरात यावरून बरंच रामायण झालंय. आम्ही सांगलीचे. माझी मुलगी साधारण याच वयात तबल्याला बसली. घरात सासऱ्यांचा तबला होता, खर्जातला, म्हणजे खालच्या सुराचा, सहा इंचांहून मोठ्या तोंडाचा. घरात वाद्य असताना नवं कशाला, असं सगळ्यांचं मत. पण तिची तर्जनी किनारीवर, म्हणजे कडेच्या पट्टीवर, नीट ठेवली की अनामिका मधल्या काळ्या शाईच्या कडेपर्यंत पोचायचीच नाही. मग ती अख्खा पंजा टाकायची आणि ‘ना’ हा बोल वाजण्याऐवजी नुसता थप्प असा आवाज यायचा. गुरुजी म्हणायचे, रियाज कमी पडतोय. घरचे म्हणायचे, मन लावत नाही. तिचा हात तबल्यावर कसा पडतोय हे कुणी वाकून बघेना. मी बघितलं आणि मिरजेहून काळी एक या वरच्या सुराचा, सव्वापाच इंची तबला आणला. बसायला खाली सतरंजीची घडी दिली, म्हणजे मनगट डाव्या हाताच्या डग्ग्याच्या वर येतं आणि खांदे उचलावे लागत नाहीत. काही दिवसांत ‘ना’ सुटा वाजायला लागला. स्वतःच्या हातातून असा खणखणीत आवाज आला की मूल आपोआप पुन्हा वाजवून बघतं. तुमच्या मुलाचा तबला कोणत्या मापाचा आहे हे तुम्ही लिहिलेलं नाही. आधी ते बघा.

दुसरं म्हणजे त्याच्यासोबत बसा. मला तबला येत नाही, पण तीनतालाच्या सोळा मात्रा हातावर धरता येतात: पहिल्या, पाचव्या, तेराव्या मात्रेला टाळी, नवव्या मात्रेला खाली, म्हणजे टाळी न देता हात उलटा करायचा. रात्रीची जेवणं झाली की मोबाईलवर लेहरा, म्हणजे तालात फिरत राहणारी सुरांची ओळ, लावायचा, अगदी ठाय, म्हणजे संथ लयीत. मी ताल धरायची, ती आधी तोंडानं बोल म्हणायची आणि मग वाजवायची. माझी खाली चुकली की ती वाजवायची थांबून मला समजावायची, ‘आई, इथं हात उलटा’. त्या समजावण्यातच तिची मात्रा पक्की झाली. वीस मिनिटं पुरतात. लेहरा असला की समेवर, म्हणजे पहिल्या मात्रेवर, येण्यात गंमत असते, नुसत्या टकटक करणाऱ्या मेट्रोनोमवर ती येत नाही.

शिवाय त्याला चांगलं वाजवणाऱ्यांसमोर नेऊन बसवा. मिरजेच्या मीरासाहेब दर्ग्यात उरुसाच्या वेळी किराणा घराण्याचे गायक अब्दुल करीम खाँसाहेबांच्या स्मरणार्थ गाण्याच्या मैफली होतात. तिथं मी तिला पुढं बसवायची, जिथून तबलजीचा डावा हात दिसेल. डग्ग्यावर मनगट सरकवून घुमारा, म्हणजे घुमणारा आवाज, कसा काढतात, हे तिनं तिथं पाहिलं. घरी येऊन झोपायच्या आधी उशीवर तेच चाललं होतं.

आता परीक्षा. आमचे थोरले दीर हिशोबी माणूस. दहावीला शास्त्रीय कलांच्या परीक्षांचे वाढीव गुण मिळतात, तर लहानपणापासून एकेक परीक्षा उरकत न्यायची, असा त्यांचा आग्रह. ‘एवढी फी भरतेस, त्याचं काहीतरी दिसायला नको का?’ हे वाक्य मी प्रत्येक सणाला ऐकलंय. प्रारंभिक झाली, प्रवेशिका प्रथम झाली, आणि पोरगी तालाची व्याख्या पाठ करत बसायला लागली. तबल्यावरचं फडकं निघेना. तिथं मी परीक्षा थांबवल्या, क्लास चालू ठेवला. भाऊजी म्हणाले, वर्ष वाया घालवतेस. मी म्हटलं, गायक विष्णु दिगंबर पलुस्करांनी 1901 साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं ते गाणं-वाजवणं घराण्याबाहेरच्या लोकांपर्यंत पोचावं म्हणून, दहावीच्या टक्क्यांसाठी नव्हे. यावर ते मला झाकीर हुसेनांचं उदाहरण द्यायचे, लहानपणी किती मेहनत केली बघ. अहो, पण झाकीरभाई जन्मले तेव्हा त्यांचे वडील, तबलावादक अल्लारखाँसाहेबांनी त्यांच्या कानात तबल्याचे बोल म्हटले होते, हे त्यांनी स्वतःच सांगितलंय. ज्या घरात दिवसभर तबला कानावर पडतो तिथली मेहनत वेगळी. आपण टीव्ही चालू ठेवून पोराला आत पाठवायचं आणि उदाहरण झाकीर हुसेनांचं द्यायचं, हे मला तेव्हाही पटलं नाही, आजही पटत नाही.

मुलगी आता कॉलेजात आहे. गाणाऱ्या मैत्रिणींना साथ करते, केरवा-दादरा झोकात वाजवते, आणि बंद केलेल्या परीक्षा आता स्वतःहून द्यायच्या म्हणतेय. भाऊजींना हेही पटलेलं नाही. त्यांचं म्हणणं, दहावीचे गुण गेले ते गेलेच.

परीक्षा वाईट असतात असं मी म्हणत नाही. मंडळाचा अभ्यासक्रम टप्प्याटप्प्यानं नीट आखलेला आहे, आणि काही मुलांना परीक्षेमुळेच हुरूप येतो. तुमचा मुलगा तसा असता तर त्यानं रडारड केली नसती. आणि हे सगळं करूनही सहा-आठ महिन्यांनी तो तबल्याकडे ढुंकून बघत नसेल, तर पेटी, बासरी, काय हवं ते शिकू दे.

तूर्तास गुरुजींना एवढंच विचारा: नोव्हेंबरऐवजी एप्रिलला किंवा त्याच्याही पुढं बसवलं तर चालेल का? ‘वर्ष वाया जाईल’ असं उत्तर आलं, तर क्लास बदला.