आत्मकथेतला ‘मी’ कुठं उभा असतो?

चिरंजीव,
अनेक आशीर्वाद.

तुझी टिपणं मिळाली. ‘स्मृतिचित्रे’, ‘बलुतं’, ‘जिणं आमुचं’ आणि ‘रणांगण’ अशी चार पुस्तकं तू लागोपाठ वाचलीस, याचा फार आनंद झाला. पण प्रत्येक आत्मकथनाखाली तू ‘अत्यंत प्रामाणिक’ असा शेरा दिला आहेस आणि कादंबरीखाली ‘हे खरंच घडलं असेल का?’ असा प्रश्न. त्याबद्दलच लिहिते आहे.

आत्मकथन प्रामाणिक आहे हे आपल्याला कळतं कशावरून? लेखकाचं आयुष्य आपण पाहिलेलं नसतं. आपल्यापुढे असतात ती फक्त त्याची वाक्यं. म्हणून प्रामाणिकपणाचा निवाडा जरा बाजूला ठेव आणि आधी एवढंच विचार: इथं ‘मी’ म्हणणारं माणूस कोण आहे, आणि ज्यानं ते सगळं भोगलं त्याच्यापासून ते किती दूर उभं राहून बोलतंय?

१९७८ साली आलेल्या ‘बलुतं’मध्ये हे अंतर लेखकानं स्वतःच उघडं करून ठेवलंय. दगडू मारुती पवार सांगतो आणि दया पवार ऐकतो. दोघं एकच. तू त्याला ‘वेगळी निवेदनपद्धत’ म्हणून एका ओळीत उरकलंस. मला तर तोच पुस्तकाचा कणा वाटतो. शिकून, नोकरीला लागून, कवी म्हणून नाव झालेल्या माणसाला महारवाड्यातला, मुंबईच्या कावाखाना वस्तीतला दगडू जवळही हवा आहे आणि त्याचं ओझंही होतं आहे. ही ओढाताण एकट्या ‘मी’ला पेलली नसती.

लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रे’बद्दल तू लिहिलंस, ‘लक्ष्मीबाई संकटातही हसत राहिल्या.’ हे मला पटत नाही. हसतात त्या लिहिणाऱ्या लक्ष्मीबाई. त्यांचे पती, कवी ना. वा. टिळक यांनी १८९५मध्ये ख्रिस्ती धर्म स्वीकारला तेव्हा त्या पंचविशी ओलांडलेल्या होत्या. लहान मुलाला, दत्तूला घेऊन त्या माहेरच्या माणसांच्या आधारानं राहिल्या, काही वर्षांनी नवऱ्याकडे परतल्या आणि १९००मध्ये त्यांनी स्वतःही बाप्तिस्मा घेतला. पुस्तक छापून येऊ लागलं ते १९३४पासून, म्हणजे साठी उलटल्यावर. मधल्या जवळजवळ चाळीस वर्षांनी त्यांना ते हसू दिलं. धर्मांतराची बातमी येते ते प्रकरण पुन्हा काढ. त्या बाईला तेव्हा हसू सुचलेलं नाही, आणि म्हाताऱ्या लक्ष्मीबाईही तिथं विनोद ओढूनताणून आणत नाहीत. अखेरचा भाग त्यांच्या निधनानंतर देवदत्त टिळकांनी, म्हणजे त्याच दत्तूनं, पुरा केला. तिथं आवाज बदलतो. मोठ्यानं वाचलंस तर लगेच कानाला कळेल.

आता बेबीताई कांबळे. त्यांच्या ‘जिणं आमुचं’वर तू सगळ्यात कमी लिहिलं आहेस, आणि मला सगळ्यात जास्त तिथंच बोलायचंय. फलटणला दुकानात बसून, घरच्यांपासून लपवून त्यांनी हे लिहिलं. वह्या कित्येक वर्षं तशाच दडवून ठेवल्या. पुस्तक आलं १९८६मध्ये. तू म्हणतेस, ‘यात लेखिका फारशी दिसतच नाही.’ अगदी बरोबर पाहिलंस. पण तू त्याला उणीव म्हणालीस. मला ती निवड वाटते. त्या पुस्तकाच्या नावातच ‘आमुचं’ आहे. वीरगावच्या महारवाड्यातली बाळंतपणं, उपासमार, अंगात येणं, आंबेडकरांच्या सभांनी झालेला पालट, हे सारं त्या ‘आम्ही’ म्हणून सांगतात. सासरी सुनेच्या पायात लाकडी खोडा कसा अडकवत, तिचं नाक कसं कापत, तेही लिहायला त्या कचरत नाहीत. म्हणजे आपल्याच माणसांना त्यांनी पाठीशी घातलेलं नाही.

तरी एक गोष्ट पुस्तकात नाही. मायाताई पंडितांनी केलेल्या इंग्रजी अनुवादाला बेबीताईंची मुलाखत जोडली आहे. तीत त्या सांगतात की नवरा त्यांनाही मारत असे. पुस्तकात ते का नाही, तर त्यांना स्वतःचं नव्हे, समाजाचं दुःख मांडायचं होतं. हे वाचल्यावर मी पुन्हा मूळ पुस्तकाकडे गेले, आणि खोड्याची ती पानं मला पहिल्यासारखी वाचता आली नाहीत. दुसऱ्यांच्या सुनांबद्दल लिहिताना या बाईनं स्वतःचं किती आत ठेवलं असेल! आता सांग, हे पुस्तक अप्रामाणिक झालं का? मला तसं मुळीच वाटत नाही. म्हणूनच तुझा शेरा मला अपुरा वाटतो. त्यात न लिहिलेल्या गोष्टीला जागाच नाही.

‘रणांगण’चं थोडक्यात. त्यातली नायिका हॅर्टा खरी होती का, हे शोधण्यात वेळ घालवू नकोस. विश्राम बेडेकरांची १९३९ची ही कादंबरी चक्रधर सांगतो, आणि आधीच्या प्रेमाच्या, उमेच्या अनुभवानं कडवटलेला हा माणूस बायकांबद्दल जे बोलतो त्यावर सगळा विश्वास ठेवून चालत नाही. बोटीवरच्या त्या ज्यू निर्वासित मुलीला आपण बराच वेळ त्याच्याच डोळ्यांनी पाहतो. तो मुंबईला उतरतो, तिला पुढे जावं लागतं. मग तिची पत्रं येतात आणि ती स्वतः बोलू लागते. चक्रधर तिला किती कमी ओळखत होता ते पत्रं वाचताना कळतं. आत्मकथनाला विचारायचा प्रश्न इथंही तसाच लागू पडतो. फक्त इथं ते अंतर लेखकानं रचलेलं आहे.

आणखी एक. प्रस्तावना शेवटी वाच. दुसऱ्यांची मतं तर त्याच्याही नंतर. आणि ‘डोळ्यांत पाणी आलं’ एवढ्यावर थांबू नकोस, कुठल्या वाक्यावर आलं तो पानाचा आकडा लिही.

आता ऊर्मिला पवारांचं ‘आयदान’ घे. रत्नागिरीच्या बाजाराला डोंगरवाटेनं ओझी घेऊन निघालेल्या बायकांपासून ते सुरू होतं. त्या बायकांच्या घोळक्यातून लेखिकेचा ‘मी’ कधी आणि कसा वेगळा होतो, तेवढंच पाहा आणि मला सविस्तर लिही. माझी प्रत पोस्टानं पाठवते आहे. समासात माझ्या पेन्सिलीच्या खुणा आहेत, त्या वाचण्याआधी खोडून टाक.

तुझी,
मावशी