शेवटच्या गाडीला ऐकू गेलं का?

गाड्यांचा ताफा घेऊन कच्च्या वाटांवर जाणाऱ्या वाचकांची बरीच पत्रं साठली आहेत. बहुतेकांचा पहिला प्रश्न 'रेडिओ सेट कुठला घेऊ' हाच असतो. पण ताफ्याचा संपर्क तुटतो तो क्वचितच सेटमुळे. अँटेना चुकीच्या जागी असते, नाहीतर बोलणारा बटण चुकीच्या वेळी सोडतो. म्हणून आज उत्तरं त्याच अंगाने देतो आहे.

प्रश्न : आम्ही पाच गाड्या घेऊन जातो. सगळ्यांकडे परवाना न लागणारे छोटे वॉकीटॉकी आहेत. मग हॅम रेडिओची, म्हणजे परवान्यावर चालणाऱ्या हौशी रेडिओची, परीक्षा देण्याचा खटाटोप कशासाठी?

पाचही गाड्या एकमेकींच्या नजरेच्या टप्प्यात राहत असतील, तर खरोखर गरज नाही. परवानामुक्त सेटची मर्यादा कळते ती ताफा लांबल्यावर. युरोपात ४४६ मेगाहर्ट्झवर चालणारे असे सेट अर्ध्या वॅटचे असतात आणि त्यांची अँटेना बदलता येत नाही. अमेरिकेतल्या कौटुंबिक वापराच्या सेटना २ वॅटपर्यंत मुभा आहे, पण अँटेना तिथेही सेटलाच जोडलेली. म्हणजे ती गाडीच्या आतच राहते आणि पल्ला तिथेच मार खातो. ऑस्ट्रेलियात मात्र ४७७ मेगाहर्ट्झच्या आसपासच्या सीबी (सर्वसामान्यांसाठीच्या) पट्ट्यावर परीक्षेशिवाय ५ वॅट आणि बाहेरची अँटेना चालते. त्यामुळे तिथले बरेच ताफे त्यावरच निभावतात. आधी आपल्या देशात काय चालतं ते पाहा.

हॅमचा परवाना मिळाला की अँटेना तुमच्या मर्जीची, शक्ती जास्त आणि डोंगरावरचे रिपीटरही (ऐकलेला आवाज जास्त शक्तीने पुढे पाठवणारी केंद्रं) वापरता येतात. पण दोन गोष्टी पक्क्या लक्षात ठेवा. परवाना माणसाला मिळतो, गाडीला नाही. पाच गाड्यांत सेट बसवून परीक्षा एकानेच दिली, असं चालत नाही. परवानाधारक शेजारी बसलेला असताना दुसऱ्याने बोललेलं काही देशांत चालतं, काही देशांत अजिबात नाही. दुसरं म्हणजे हा हौशी रेडिओ आहे. पैसे घेऊन सहली काढत असाल तर धंद्याचा कारभार त्यावर चालवता येणार नाही. त्यासाठी व्यावसायिक परवाना घ्या.

तिघे परीक्षा द्यायला तयार नसतील तर मी असं सुचवेन: पाचही गाड्यांत परवानामुक्त सेट राहू देत आणि पहिल्या व शेवटच्या गाडीत हॅम सेट असलेले परवानाधारक बसवा. ताफ्याची दोन टोकं जोडलेली राहिली की मधल्यांचं भागतं.

प्रश्न : माझा हातातला सेट ५ वॅटचा आहे. गाडीतून जेमतेम एक किलोमीटर जातं. ५० वॅटचा सेट घेतला तर दहापट लांब जाईल ना?

नाही. हा गैरसमज इतका पसरलेला आहे की याचं उत्तर जरा विस्ताराने देतो.

उघड्यावर अंतर दुप्पट करायचं तर शक्ती चौपट लागते. त्या हिशेबाने दहापट शक्तीत अंतर तिपटीच्या थोडं वर जातं, तेही मध्ये काही आड येत नसेल तरच. या सेटच्या १४५ मेगाहर्ट्झच्या लहरी जवळजवळ सरळ रेषेत जातात. मध्ये डोंगराची सोंड आली तर ५ वॅटही अडतात आणि ५०ही.

पल्ल्याचा ढोबळ अंदाज घरीच काढता येतो. अँटेनाची जमिनीपासूनची उंची मीटरमध्ये घ्या, तिचं वर्गमूळ काढून ४.१ ने गुणा. दोन्ही गाड्यांच्या आकड्यांची बेरीज केली की सपाट प्रदेशातलं किलोमीटरमधलं अंतर मिळतं. दोघांचीही अँटेना २ मीटरवर असेल तर साडेअकरा किलोमीटरच्या आसपास. आता एक गाडी १०० मीटर उंच टेकडीवर चढवा. तिचा एकटीचाच आकडा ४१ होतो. झाडीत आणि उंचसखल जमिनीवर प्रत्यक्षात याहून बरंच कमी मिळतं, पण उंचीचं मोल काय ते यातून दिसतं.

तुमचा एक किलोमीटर कुठे अडतो ते आता पाहू. गाडी म्हणजे पत्र्याचा डबा. १४५ मेगाहर्ट्झची लाट सुमारे दोन मीटर लांब आणि खिडकी त्याहून बरीच लहान. त्यामुळे शक्तीचा मोठा भाग आतच घुटमळतो. शिवाय हातातल्या सेटची रबरी अँटेना म्हणजे तडजोडच. टपाच्या मधोमध सुमारे ४९ सेंटिमीटरची, पाव लाटेएवढ्या लांबीची उभी अँटेना लावा आणि तोच ५ वॅटचा सेट तिला जोडून बघा. नवा सेट घ्यायचा की नाही ते त्यानंतर ठरवा. टपाचा पत्रा हा त्या अँटेनाचा अर्धा भाग असतो, म्हणून मधोमधच्या जागेचा आग्रह. चुंबकाचा तळ लोखंडी पत्र्यावरच धरतो. अॅल्युमिनियमच्या टपावर तो बसणार नाही, आणि फायबरच्या टपावर तर खालचा पत्राच नसल्यामुळे वेगळ्या प्रकारची अँटेना लागते.

अँटेना बसवल्यावर एसडब्ल्यूआर, म्हणजे अँटेनाकडून किती शक्ती परत फिरते ते सांगणारा आकडा, मोजल्याशिवाय राहू नका. १.५ आला तर फक्त ४ टक्के शक्ती परत फिरते, ते चालेल. ३ आला तर पाव हिस्सा परत येतो, तेव्हा काहीतरी बिघडलंय. मी स्वतः एकदा केबल मागच्या दारातून आत घेतली होती. दार रोज तिच्यावर आपटत होतं. पावसाळ्यात चिमटलेल्या जागेतून आत पाणी शिरलं आणि ताफ्यात माझीच गाडी मुकी झाली. इतरांचं अंधुक ऐकू येत होतं, म्हणून अर्धा दिवस मला वाटत राहिलं की बाकीचेच उत्तर देत नाहीत. तेव्हापासून केबल दारात कुठे दबते ते प्रत्येक सहलीआधी हात फिरवून बघतो.

प्रश्न : घळीतून जाताना पहिल्या गाडीला शेवटची ऐकूच येत नाही. उपाय काय?

मधल्या गाडीला कामाला लावा. निघतानाच ठरवा की ताफ्यातली अमुक गाडी निरोप पोचवेल. पहिल्या गाडीने 'मोठा दगड, डाव्या अंगाने या' म्हटलं की मधलीने तेच शब्द, एकही न बदलता, मागे सांगायचे आणि मागच्याचं 'मिळालं' पुढे कळवायचं. ऐकलेल्याचा सारांश सांगण्याचा मोह इथे घातक ठरतो. वळणाच्या तोंडाशी किंवा खिंडीत एक गाडी थांबवून ठेवणं हा याच युक्तीचा पुढचा भाग. वाळूच्या टेकड्यांतही हेच करावं. दोन टेकड्यांच्या मधल्या खोलगटात उतरलेल्या गाडीला कोणी ऐकू येत नाही, माथ्यावर उभी असलेली मात्र दोन्हीकडचं ऐकते.

दुसरी गोष्ट साधी आहे, पण ती फारशी कोणी करत नाही. घळीत लहरी भिंतींवर आपटून वेगवेगळ्या वाटांनी येतात आणि काही जागी एकमेकींना मारतात. अशा मुक्या जागेत उभे असाल तर गाडी पाऊण-एक मीटर पुढे घ्या. आवाज एकदम उघडलेला मी कितीदा तरी अनुभवला आहे. चालत्या गाडीतून येणारा आवाज फडफडतो तोही याच कारणाने. महत्त्वाचं बोलायचं असेल तर थांबून बोला.

दोन मीटरचा पट्टा (१४५ मेगाहर्ट्झ) की सत्तर सेंटिमीटरचा (४३५ मेगाहर्ट्झ), हेही काहींनी विचारलंय. दाट झाडीत दोन मीटरचा पट्टा बरा, कारण पानं-फांद्या त्याला कमी अडवतात. अरुंद, खडकाळ घळीत ४३५ मेगाहर्ट्झ कधीकधी भिंतींवरून आपटत जास्त आत पोचतो. दोन्ही पट्टे असलेला सेट घ्या आणि जागेवर दोन्ही करून पाहा.

आणि मध्ये अख्खी डोंगररांगच असेल तर? तिथे या दोन्ही पट्ट्यांचा काही इलाज चालत नाही. ७ मेगाहर्ट्झच्या आसपास साधारण २० मीटर लांबीची तार जमिनीपासून थोड्याच उंचीवर आडवी ताणली, की लहरी जवळजवळ सरळ वर जातात आणि आयनांबरावरून (वातावरणाच्या उंच थरावरून) परतून आजूबाजूच्या काहीशे किलोमीटरांत पडतात. डोंगर वाटेत येतच नाही. मुक्कामाच्या ठिकाणी बाहेरच्या जगाशी जोडून घ्यायला ही फार सुंदर सोय आहे. मात्र तिला वेगळा सेट आणि काही देशांत वरच्या पातळीचा परवाना लागतो.

प्रश्न : सगळे एकदम बोलतात. कोण काय म्हणालं तेच कळत नाही. बोलायची काही शिस्त असते का?

असते, आणि मला विचाराल तर ताफ्याचं खरं बळ तिच्यातच आहे. हे सेट एफएम पद्धतीने चालतात; तिच्यात दोघे एकदम बोलले तर दोन्ही आवाज सहसा मिसळून येत नाहीत. जोरकस असेल तो एकटाच ऐकू येतो आणि दुसरा पुसला जातो. रुतलेली शेवटची गाडी हाका मारत असते आणि पुढे कोणी निसर्गाचं वर्णन करत असतं. त्या गाडीने हाक मारली होती, हेही कोणाला कळत नाही. म्हणून एकाचं बोलणं संपल्यावर दोन सेकंद रिकामे सोडा. ती जागा शेवटच्या गाडीसाठी.

बटण दाबा, क्षणभर थांबा, मग बोला. नाहीतर पहिला शब्द जातो. आधी ज्याला बोलवायचं त्याचं नाव किंवा गाडीचा क्रमांक, मग स्वतःचा. कॉल साइन (परवान्यासोबत मिळालेलं तुमचं ओळखचिन्ह) आपल्या देशाच्या नियमाप्रमाणे सांगत राहा. अमेरिकेत बोलणं चालू असताना किमान दर १० मिनिटांनी आणि शेवटी ती सांगावी लागते.

आता आपल्या भाषेतली एक गोष्ट. मराठीत नकार वाक्याच्या शेवटी येतो. 'पुढे येऊ नका' म्हणताना बोट अर्धा सेकंद आधी सुटलं तर मागच्याला 'पुढे येऊ' एवढंच ऐकू जातं. चढावर हे जिवावर बेतू शकतं. थांबवायचं असेल तेव्हा 'थांबा, थांबा, थांबा' एवढंच म्हणा. 'नका', 'नको', 'नाही' यांवर टेकलेले आदेश रेडिओवरून हद्दपार करा. आकड्यांचंही तसंच. 'सात' आणि 'साठ' खरखरीत एकच वाटतात. एकोणचाळीस-एकोणपन्नासची गडबड तर समोरासमोरही होते. म्हणून एकेक अंक सांगा: 'सहा, शून्य'. आणि उतारावर समोर उभं राहून वाट दाखवणाऱ्याने 'डावीकडे' म्हटलं की डावं कोणाचं? कायम चालकाचं, हे गाडी उतरायला लागण्याआधी ठरवून घ्या.

प्रश्न : सिगारेट लायटरच्या सॉकेटमधून मोठा सेट चालवतो. फ्यूज उडतो आणि इंजिन वाढवलं की बोलण्यात शिटी ऐकू येते.

दोन्हींचं मूळ एकच. ५० वॅटचा सेट बोलताना १० अँपिअर किंवा त्याहून जास्त खेचतो आणि ते सॉकेट त्यासाठी बनवलेलं नसतं. जाड तार थेट बॅटरीपासून आणा आणि बॅटरीजवळच फ्यूज बसवा, म्हणजे वाटेत तार घासून उघडी पडली तरी आग लागणार नाही. नव्या गाड्यांत बॅटरीच्या ऋण टोकावर करंट मोजणारा सेन्सर असतो. तिथे ऋण तार टोकावर न लावता बॉडीच्या अर्थला लावा. शिटी अल्टरनेटरची असते, बहुधा एवढ्याने जाते. सेट मात्र घट्ट आवळा, एअरबॅगच्या झाकणापासून दूर. गाडी कलंडली तर सुटा सेट डोक्यात बसतो.

प्रश्न : आमचं बोलणं खासगी राहावं म्हणून टोन लावला, तर एका गाडीला काहीच ऐकू येईना.

तो टोन म्हणजे आवाजाखाली दडलेला ६७ ते २५४ हर्ट्झमधला एक बारीक सूर. तो आला की तुमच्या सेटचा स्पीकर उघडतो. बस, एवढंच. तुम्हाला इतर ऐकू येत नाहीत. इतरांना तुम्ही अगदी स्वच्छ ऐकू येता. त्या एका गाडीचा टोन जुळत नसणार. आणि चॅनेलवर दुसरं कोणी बोलतंय हे न कळल्यामुळे तुम्ही त्यांच्यावर बोलत राहता, ते वेगळंच. ताफ्यात ऐकण्याचा टोन बंद ठेवा. रिपीटरला लागतो तो फक्त पाठवण्याचा. हॅम पट्ट्यावर खासगीपणाची अपेक्षाच ठेवू नका. अर्थ लपवण्यासाठी सांकेतिक बोलणं तिथे नियमबाह्य आहे.

प्रश्न : दूरच्या भागात अपघात झाला तर हॅम रेडिओवर विसंबून राहावं का?

एकट्या त्याच्यावर नाही. सेट उत्तम असला तरी पलीकडे त्या घडीला कोणी ऐकत असेल याची हमी नसते. ४०६ मेगाहर्ट्झचा व्यक्तिगत बीकन जवळ असू द्या. त्याचा इशारा उपग्रहांमार्फत बचाव यंत्रणेपर्यंत जातो. तो अंगावर ठेवा, डिकीत नको. रेडिओचं बलस्थान वेगळं आहे. बीकन फक्त हाक मारतो, रेडिओवर बोलता येतं: किती जखमी, वाट कुठपर्यंत चालू, दोर लागेल की स्ट्रेचर. म्हणून वाटेवरच्या रिपीटरांची वारंवारता, ऐकण्याच्या आणि पाठवण्याच्या वारंवारतेतलं अंतर आणि टोन निघण्याआधी सगळ्या सेटमध्ये भरा आणि कागदावर लिहून काचेजवळ चिकटवा.

संकटात सापडलेल्या स्टेशनला हाती असेल ते कुठलंही रेडिओ साधन वापरायची मुभा आंतरराष्ट्रीय रेडिओ नियमावली देते. जीव धोक्यात असताना परवान्याच्या विचाराने हात आखडू नका. 'मेडे' (संकटाची आंतरराष्ट्रीय हाक) तीनदा, मग आपण कोण, कुठे, काय झालं, किती माणसं. उत्तर आलं नाही तर उंचावर चढून पुन्हा तेच, सेट उभा धरून. अक्षांश-रेखांश एकेक अंकाने, दशांशचिन्हासह सांगा आणि समोरच्याकडून तसेच परत म्हणवून घ्या. फोन अंश-मिनिटांत दाखवतो की दशांश अंशांत, हे ताफ्यातल्या प्रत्येकाने घरीच एका पद्धतीवर आणून ठेवा. तेच आकडे दुसऱ्या पद्धतीने वाचले गेले तर मदत कित्येक किलोमीटर दूरच्या दरीत उतरते.