झऱ्याचं पाणी मे महिन्यात मोजा

प्रश्न : ताई, मी सिव्हिलच्या तिसऱ्या वर्षाला आहे. एनएसएसच्या कॅम्पला आम्ही सह्याद्रीतल्या एका धनगरवाड्यावर गेलो होतो. १८० माणसं, झरा वस्तीपासून साधारण ४० मीटर वर, बायका तिथून डोक्यावर हंडे आणतात. डिसेंबरात २० लिटरची बादली २५ सेकंदात भरत होती. पाइप टाकून पाणी खाली आणायचंय, मोटर नाही, लाइट नाही. कुठे चुकू शकतो?

उत्तर : पोरांनो, आधी शाबास. पण ते २५ सेकंद विसरा, डिसेंबरात झऱ्यांना पाणी असतंच, मेच्या शेवटच्या आठवड्यात बादली घेऊन परत जा. समजा तेव्हा ती अडीच मिनिटांनी भरली, तरी दिवसाला साडेअकरा हजार लिटर होतात, आणि जलजीवन मिशनच्या माणशी ५५ लिटरने वस्तीला ९,९०० लागतात, म्हणजे जेमतेम पुरतं, तेही रात्रीचं पाणी साठवणारी टाकी असेल तर. आणि म्हशी? एक म्हैस उन्हाळ्यात माणसाच्या वाट्याएवढं पाणी सहज पिते हो, तो हिशोब बायकांना विचारा, त्यांना तोंडपाठ असतो.

पाइपचं म्हणाल तर ४० मीटरला नळ बंद असताना खाली दर चौरस सेंटीमीटरला ४ किलोचं प्रेशर येतं, त्यामुळे ६ किलो सोसणारा एचडीपीई, म्हणजे प्लॅस्टिकचा पाइप घ्या. कॉलेजात असताना आमचीही अशीच एक लाइन होती, सगळं जोडलं, वर पाणी सोडलं आणि खाली थेंब नाही. अर्धा दिवस पाइपवर टकटक करत चढलो, एका कातळावरून पाइप उंच गेला होता तिथला जॉइंट सैल केला तर किती वेळ नुसती हवा फुसफुसत राहिली, मग लाल गढूळ पाणी उसळलं. म्हणून प्रत्येक उंचवट्यावर हवा सोडणारा एअर व्हॉल्व्ह आणि खोलगट जागी गाळ काढायचा वॉशआउट, यात काटकसर नको.

झऱ्याचं पाणी नितळ दिसलं तरी टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर घालायचीच, आणि क्लोरीन तपासायची ओटी टेस्ट टाकीपाशी नाही, शेवटच्या नळाला करा, तिथे लिटरला ०.२ मिलिग्रॅम तरी क्लोरीन दिसायला हवं. उघड्या पोत्यातल्या पावडरचा जोर उतरतो, तीही बघून घ्या.

जॉइंट हाताने आवळायचे कॉम्प्रेशन फिटिंगचेच घ्या आणि वस्तीवरच्या दोघीतिघींकडून ते तुमच्यासमोर खोलून-जोडून घ्या, कारण जुलैत पाइप निसटेल तेव्हा तुमची सेमिस्टर सुरू झालेली असणार.

मेमधला आकडा आला की लगेच कळवा, टाकी किती मोठी हवी ते मिळून काढू.